आधी चवडा मोजा

परवा रात्री साडेअकराला एका ज्युनिअरचा मेसेज आला. नाशिकची मुलगी, सप्टेंबरात मास्टर्सला इथे इंग्लंडमध्ये आलीय, वीकेंडला वेअरहाऊसमध्ये काम धरलंय. सोबत एक लिंक आणि खाली एकच ओळ : "ताई, हे टिकतील ना?"

लिंक उघडायच्या आधीच मला माहीत होतं काय असणार. तुम्हालाही माहीत आहे. काळे, घोट्याच्या वर चार बोटं जाणारे बूट. पुढे लेसची लांबलचक रांग, आतल्या बाजूला चेन, तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी. किंमत पंचवीस-तीस पौंड. नावात 'कॉम्बॅट', 'टॅक्टिकल' किंवा 'मिलिटरी' यांपैकी एक शब्द हमखास. कोणी शिफ्टसाठी घेतं, कोणी पहिल्या हिवाळ्याच्या धास्तीनं, कोणी जीन्सवर बरे दिसतात म्हणून. आणि घेताना सगळे तिच्यासारखाच प्रश्न विचारतात.

मला वाटतं हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न आपण विचारतच नाही, कारण तो विचारायची आपल्याला सवयच नाही. आणि गंमत अशी की पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं.

व्हाइम्सचा हिशेब आणि माझा

'गरिबी महाग पडते' या विषयावर पॉडकास्टमध्ये आपण बोललो तेव्हा व्हाइम्सच्या बुटांचा उल्लेख झाला होता. ज्यांनी तो भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेरी प्रॅचेटच्या 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) या कादंबरीत सॅम्युअल व्हाइम्स हा शहराच्या पहारेकऱ्यांचा कप्तान आहे. त्याचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरना मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडणारे १० डॉलरचे बूट एक-दोन हंगामांत गळायला लागतात. म्हणजे श्रीमंत माणूस ५० डॉलरमध्ये दहा वर्षं कोरड्या पायांनी फिरतो, गरीब तेवढ्याच काळात १०० डॉलर घालवतो आणि वर त्याचे पाय ओलेच. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाई भडकली तेव्हा जॅक मन्रो यांनी गरिबांना प्रत्यक्ष मोजाव्या लागणाऱ्या किमतींच्या निर्देशांकाला या बुटांचंच नाव दिलं. सिद्धांत एवढा लाडका आहे.

त्या दिवशी मी माइकसमोर "अगदी बरोबर" म्हणून पुढे गेले. नंतर घरी येऊन माझ्याच बुटांचा हिशेब मांडला, आणि तो जुळेना.

मी २०१३ मध्ये मास्टर्सला इथे आले. तेव्हा पौंड जवळजवळ शंभर रुपयांना होता, म्हणजे गुणाकार सोपा आणि धडकी भरवणारा. शनिवारच्या कामाला एजन्सीनं सांगितलं, काळे सेफ्टी बूट घालून या. मी २७ पौंडांचे घेतले. आईला फोनवर सत्तावीसशे सांगितले तर ती म्हणाली, "एवढ्यात घरातल्या चौघांच्या चपला येतात गं." ते बूट चौदा महिने चालले. पुढे पीएचडीत असताना ७५ पौंडांचे घेतले, ते चार वर्षं चालले.

आता भागाकार करू. पहिले बूट पडले महिन्याला १ पौंड ९३ पेन्स, दुसरे महिन्याला १ पौंड ५६ पेन्स. फरक ३७ पेन्सचा. महिन्याकाठी अर्ध्या चहाचेसुद्धा पैसे नाहीत! एवढ्यावर गरिबी-श्रीमंतीचा सिद्धांत उभा राहत असेल तर तो फार बारीक पायांवर उभा आहे.

पण त्या २७ पौंडांच्या बुटांचं दुसरं बिल होतं, आणि ते मी व्हाइम्ससारखंच हिशेबात धरलं नव्हतं. उजव्या पायाच्या करंगळीची बाहेरची बाजू अजूनही बधिर आहे. करंगळीशेजारी झालेलं कुरूप काढायला दोनदा पायाच्या डॉक्टरकडे जावं लागलं, त्याचेच पैसे बुटांपेक्षा जास्त झाले. टाचांवर फोडांचे डाग आहेत. दहा तासांच्या शिफ्टनंतर बसस्टॉपवर बूट काढून, मोज्यांवर उभी राहून बसची वाट पाहिल्याचं आठवतं. हे सगळं बूट फाटल्यामुळे झालं नाही. बूट शाबूत होते तेव्हाच झालं.

कादंबरीत एक तपशील आहे जो सिद्धांत सांगणारे सहसा गाळतात. व्हाइम्सला त्याचे झिजलेले, पातळ तळाचे बूट आवडतात. धुक्याच्या रात्रीही तळपायाला लागणाऱ्या दगडांवरून त्याला कळतं आपण कुठल्या गल्लीत आहोत. म्हणजे त्याचे बूट गळके असले तरी त्याच्या पायाचे आहेत. माझे पाणी आत घेत नव्हते, पण माझ्या पायाचे नव्हते. सिद्धांतात किंमत आहे, टिकाऊपणा आहे. माप नाहीच.

सैन्यानं खरं काय शोधलं

आपल्याला वाटतं लष्करी बूट म्हणजे जाड चामडं, भक्कम तळ, न संपणारं आयुष्य. स्वस्त नकला विकल्या जातात त्या याच समजुतीवर. पण बुटांच्या इतिहासात सैन्याचं मोठं काम चामड्याचं नाही, मोजणीचं आहे.

बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चढवून बनवतात त्याला फर्मा म्हणतात. बुटाचा पुढचा भाग किती रुंद, टाच किती अरुंद, कुठे वाकणार, हे सगळं फर्म्यावर ठरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड मन्सन या अमेरिकी लष्करी डॉक्टरच्या देखरेखीखाली सुमारे दोन हजार सैनिकांच्या पायांचा चार वर्षं अभ्यास झाला. १९१२ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं आणि त्याचा फर्मा सैन्यानं स्वीकारला. आतली कड सरळ, अंगठ्याला वाकडं न करणारी, बोटांना पसरायला जागा. आजही काही बूट 'मन्सन लास्ट' म्हणून विकले जातात.

मला जास्त आवडते ती माप घ्यायची पद्धत. सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचं ओझं द्यायचं, सगळा भार एका पायावर टाकायला लावायचा, आणि मग पाहायचं. कारण बसलेल्या माणसाचा पाय आणि ओझं घेऊन उभ्या माणसाचा पाय हे दोन वेगळे पाय आहेत. भार आला की चवडा पसरतो. नेमका तोच पसरलेला चवडा बुटात दिवस काढणार असतो.

हीच विचारसरणी पुढे मापांच्या पद्धतीत आली. नाटोच्या सैन्यांत वापरली जाणारी 'माँडोपॉइंट' पद्धत दोन आकडे देते : २७०/१०६ म्हणजे लांबी २७० मिलिमीटर, रुंदी १०६. अमेरिकी सैन्यात एकाच लांबीचे बूट अरुंद, साधे, रुंद आणि अतिरुंद असे मिळतात. आता त्या रात्रीची लिंक पुन्हा उघडा. तिथे लांबीचं एकच माप आहे. रुंदीचा रकानाच नाही.

स्वस्त 'मिलिटरी' बुटांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. नक्कल करणाऱ्यानं सैन्याकडून रंग घेतला, उंची घेतली, लेसच्या कड्या घेतल्या. दुसरा आकडा तेवढा घेतला नाही. कारण तो फोटोत दिसत नाही, आणि प्रत्येक लांबीला तीन-चार रुंद्या ठेवायच्या तर फर्मेही वाढतात आणि गोदामातला मालही. किंमत तिथेच कापली गेलीय. चामड्यात नंतर.

आणि सैन्याचं म्हणजे चांगलंच असंही नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पायात 'डीएमएस' बूट होते. वरच्या चामड्यावर रबराचा तळ थेट साच्यात ओतून बसवलेला, म्हणजे उखडण्याचा प्रश्न नाही. पण बूट बुटके, पाणी आत येणारे, आणि जमीन दलदलीची. कित्येकांना 'ट्रेंच फूट' झाला : ओल्या थंडीत दिवसचे दिवस राहून पायाची कातडी आणि नसा मरायला लागतात तो आजार. तळ शेवटपर्यंत शाबूत होता. युद्धानंतर सैन्यानं उंच बूट आणले.

शिवाय मन्सननं मोजले ते सगळे पुरुषांचे पाय. बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान प्रत नव्हे. चवड्याच्या मानानं टाच अरुंद असते. 'युनिसेक्स' लिहिलेला स्वस्त बूट बहुतेकदा पुरुषाच्याच फर्म्याचा, फक्त लहान केलेला असतो. त्यात चवडा आवळतो आणि टाच उचलली जाते, दोन्ही एकाच वेळी. मुलींनो, तुमचा पाय विचित्र नाहीये.

"चार दिवस चावेल, मग सैल पडेल"

मी हे बूट परत का केले नाहीत? परत करायची मुदत तीस दिवस होती. पहिल्याच शनिवारी कळलं होतं की चावतायत.

कारण मी घरी हेच ऐकत मोठी झाले. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, तेल चोळायचं, चार दिवस कळ काढायची, मग ती पायाची होते. शाळेचे बूट कायम एक माप मोठे घेतलेले, पुढे कापूस कोंबून, वाढत्या अंगाचे म्हणून. आपल्या घरांत 'टिकाऊ' ही मोठी शाबासकी आहे. 'मापाचा' हा शब्द आपण ब्लाउजसाठी ठेवलाय.

कोल्हापुरीच्या बाबतीत आजीचं बरोबर होतं. झाडपाल्याच्या कषायात कमावलेलं, वरून काही न थापलेलं चामडं घामानं आणि तेलानं खरंच मऊ होतं, पायाचा आकार घेतं. पण २७ पौंडांच्या बुटाचं 'लेदर' बहुधा चामड्याचा खालचा, सुटा केलेला थर असतो, त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. टाचेत आणि पुढे घट्ट पुठ्ठा किंवा प्लास्टिक. हा पापुद्रा पायाचा आकार घेत नाही. चार दिवसांनी बूट सैल पडत नाही, आपली कातडी जाड होते. आपण त्यालाच बूट सैल पडला म्हणतो.

आणि आपल्या पायांचंही काही खास आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातले कायम अनवाणी चालणारे लोक, बूट-चप्पल घालणारे भारतीय आणि पाश्चात्त्य लोक यांचे पाय तपासले होते. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय जास्त रुंद निघाले, पाश्चात्त्यांचे सगळ्यांत निमुळते. तुमचं-माझं बालपण अगदी अनवाणी नसेल, पण चपलेत, घरात उघड्या पायांनी गेलंय. त्या पायाला इथला एकाच रुंदीचा बूट आवळला तर नवल नाही.

मापावरच टिकणं ठरतं

आता माझ्या विषयाकडे येते. मी पॉलिमरवर काम करते, म्हणजे गोष्टी का तुटतात हे पाहण्याचा मला पगार मिळतो.

माझं माप पाच. पाचात चवडा दाबला जात होता, म्हणून मी सहा घेतले. तुम्हीही हेच करत असाल. रुंदी मिळत नाही म्हणून लांबी विकत घ्यायची. पण पाय वाकतो तो बोटं जिथे पावलाला जुळतात त्या रेषेवर. बूटही त्याच्या फर्म्यानुसार एका ठरलेल्या रेषेवर वाकायला बनवलेला असतो. एक माप मोठा घेतला की बुटाची रेषा पुढे सरकते आणि पाय तिच्या मागे वाकतो. दर पावलाला बूट भलत्याच जागी दुमडतो. तिथे वरचा पापुद्रा ताणला जातो, आधी बारीक भेगा, मग एक आडवी चीर. तळ शिवलेला नसतो, नुसता चिकटवलेला असतो, त्यामुळे त्याच जागी कडेचा गोंद सुटतो. टाच आत वर-खाली होते, अस्तर घासून निघतं. चौदाव्या महिन्यात माझ्या उजव्या बुटानं आ वासला तो बरोबर करंगळीच्या बाजूनं, जिथे पाय कडेवर सगळ्यांत जास्त रेटा देत होता.

म्हणजे ज्याला मी 'स्वस्त होता म्हणून टिकला नाही' म्हणत होते, त्यातला मोठा वाटा 'मापाचा नव्हता म्हणून टिकला नाही' हा होता. हाच बूट अरुंद पायाच्या माझ्या पोलिश सहकारिणीनं दोन वर्षं वापरला. एकच कारखाना, एकच गोंद, पाय मात्र दोन.

एक इशारा सरप्लसच्या दुकानांत रमणाऱ्यांसाठी. मधे एकदा मी 'खरे लष्करी, न वापरलेले' बूट २० पौंडांत घेतले. तिसऱ्यांदा घातले तेव्हा स्टेशनच्या फलाटावर तळाचा शेवेसारखा चुरा झाला. दुकानदारानं फसवलं नव्हतं, बूट खरंच कोरे होते. पण तळ पॉलियुरेथेनचा होता. यातल्या एस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमध्ये हवेतली वाफ शिरते आणि साखळीचे दुवे एकेक करून तोडत जाते. बूट घातला नाही तरी हे चालूच राहतं, कपाटातसुद्धा. म्हणून कोऱ्या जुन्या बुटापेक्षा कालचा साधा बूट बरा. सेफ्टी बुटांवर बनवल्याची तारीख छापलेली असते, ती बघा. भरीव रबराच्या तळाला हा रोग नाही.

दोन अक्षरं आणि एक कायदा

'टॅक्टिकल' या शब्दाला कुठलीही परीक्षा नाही. तो कोणीही कशावरही छापू शकतो. 'ईएन आयएसओ २०३४५' याला मात्र अर्थ आहे : बोटांवरची टोपी २०० जूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडल्याइतका. पुढे 'एस३' असेल तर खिळा तळातून आरपार जाणार नाही आणि वरून पाणी सहज आत येणार नाही, याचीही चाचणी झालेली असते. कामासाठी घेताय तर ही अक्षरं शोधा. नसतील तर तो फॅशनचा बूट आहे, फॅशनसाठीच घ्या.

आणि आता ती गोष्ट, जी २०१३ मध्ये मला कोणीतरी सांगायला हवी होती. ब्रिटनमध्ये कामाला सेफ्टी बूट लागत असतील तर ते मालकानं द्यायचे असतात, फुकट. १९७४ च्या कायद्यानुसार त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. १९९२ च्या नियमांत असंही आहे की दिलेलं साधन घालणाऱ्याला नीट बसलं पाहिजे. म्हणजे माप हा तुमचा नखरा नाही, नियमात लिहिलेली अट आहे. ६ एप्रिल २०२२ पासून हे संरक्षण सुटं, अनियमित काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनाही लागू झालं. अमेरिकेतल्या वाचकांनो, तुमच्याकडे वेगळं आहे : साधे, बाहेरही घालता येणारे सेफ्टी बूट मालकानं दिलेच पाहिजेत असं नाही. तिथे खिसा तुमचाच, म्हणून माप आणखी महत्त्वाचं.

मग करायचं काय

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. कामाला घालता तेच मोजे घाला. कागदावर पूर्ण भार टाकून उभे राहा, पेन्सिल सरळ उभी धरून कड आखा. लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पायांची, आणि मोठा पाय धरा. जमल्यास पाठीवर भरलेली सॅक घ्या, मन्सनला बरं वाटेल. बूट घरी आला की आतला सुटा सोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडत असेल तर चार दिवस काय, चार महिन्यांनीही तो तुमचा होणार नाही. बूट हातात वाकवून पाहा, जिथे वाकतो तिथेच तुमची बोटं जुळतात का? नसतील तर तीस दिवसांच्या आत परत. लाज वाटून घेऊ नका.

पंचवीस पौंडांचा बूट वाईटच असतो असं मी म्हणत नाहीये. तुमच्या मापाचा पंचवीसचा बूट परक्या मापाच्या शंभरच्या बुटापेक्षा जास्त टिकू शकतो. फक्त तो शोधताना टिकाऊपणापासून सुरुवात करू नका.

त्या रात्री मी तिला लिंकबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हटलं, कागद घे आणि उभी राहा. वीस मिनिटांनी फोटो आला : २३८ लांब, ९८ रुंद. खाली वाक्य, "ताई, माझा पाय एवढा रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी तिनं एजन्सीला दोन्ही आकडे लिहून ईमेल केली आणि बूट मागितले. पहिलं उत्तर आलं की स्वतःचे आणा. तिनं १९९२ च्या नियमांचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं. गुरुवारी बूट आले, रुंद मापाचे.

टिकतील का, हे तिनं अजून विचारलेलं नाही.